घोडेस्वारीचे हेल्मेट: निवड आणि पारख

घोड्यावर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण सव्वादोन ते अडीच मीटर उंचीवर असते. डोंगरवाटेवरच्या बुटक्या तट्टावर ते थोडे खाली, तर शर्यतीच्या उंच घोड्यावर थोडे वर. एवढ्या उंचीवरून पडणारे डोके पाऊण सेकंदाच्या आत जमिनीला लागते आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी 24-25 किलोमीटर असतो. हा हिशेब जागेवर उभ्या असलेल्या घोड्याचा आहे. घोडा दुडकत किंवा चौखूर उधळत असेल, तर त्याचा वेगही त्यात मिळतो. त्यातच घोडा हा बुजणारा प्राणी आहे. वाऱ्याने उडालेली प्लास्टिकची पिशवी, अंगावर झेपावणारे माकड किंवा अचानक उघडलेली छत्री एवढेही त्याला पुरते. तो एका अंगाला उडी घेतो आणि नवखा स्वार दुसऱ्या अंगाला जातो. म्हणूनच घोडेस्वारीच्या सगळ्या सामानात डोक्यावरच्या टोपीचे स्थान खोगीर आणि लगामाइतकेच महत्त्वाचे मानले जाते.

माथेरानचा घोडा

कल्याण-डोंबिवली परिसरातील बहुतेकांच्या वाट्याला घोडा येतो तो माथेरानमध्ये. मोहने-आंबिवलीतून कल्याणला यावे, कर्जतची लोकल धरून नेरळला उतरावे आणि टॅक्सीने दस्तुरी नाका गाठावा, एवढीच ही वाट आहे. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी 1850 मध्ये या डोंगराची ओळख बाहेरच्या जगाला करून दिली. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवरचे हे गाव 2003 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तिथून पुढे मिनी ट्रेन, पायपीट, अलीकडे सुरू झालेली ई-रिक्षा किंवा घोडा. परवाना असलेले चारशेहून अधिक घोडे इथे पर्यटकांची ने-आण करतात आणि शेकडो कुटुंबांची चूल त्यावर पेटते.

इथला स्वार बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर बसलेला असतो. त्याला लगाम हाताळता येत नाही, रिकिबीत पाय किती घालावा हे ठाऊक नसते, आणि घोडेवाल्याने घोड्याला जरा पळवले की त्याचा तोल जातो. खाली तांबड्या मातीबरोबर जांभा दगड, झाडांची उघडी मुळे आणि काही ठिकाणी पेव्हर ब्लॉक असतात. पेव्हर ब्लॉकवर घोड्याच्या टापा घसरतात, ही घोडेवाल्यांची जुनी तक्रार आहे. जानेवारी 2023 मध्ये मुंबईचा एक तरुण पर्यटक माथेरानमध्ये घोड्यावरून पडून डोक्याला मार लागल्याने दगावला. महाबळेश्वर, पाचगणीचे टेबललँड, अलिबाग-काशीदचे किनारे इथेही हौसेची रपेट होते आणि स्वार असाच नवखा असतो.

कायद्याचा धाक मात्र इथे दुचाकीसारखा नाही. एमएच 05 पाटीच्या स्कूटरवर बसणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार हेल्मेट घालावेच लागते. घोडा मोटार वाहन नसल्याने ते कलम त्याला लागू होत नाही. त्यामुळे योग्य हेल्मेट निवडण्याची जबाबदारी शेवटी स्वारावर, आणि मुलांच्या बाबतीत पालकांवर, येऊन पडते.

हेल्मेट आतून काय करते

हेल्मेटचे दोन मुख्य भाग असतात. बाहेरचे कठीण कवच फायबरग्लास, कार्बन फायबर किंवा एबीएससारख्या प्लास्टिकचे असते. ते दगडाचे टोक आत घुसू देत नाही आणि आघात मोठ्या भागावर पसरवते. खरे काम त्याच्या आतला जाड थर करतो. हा थर विस्तारित पॉलिस्टायरीनचा, म्हणजे ज्याला आपण थर्मोकोल म्हणतो त्याच जातीचा, पण अधिक घट्ट असतो. आघात होताच तो चेपतो आणि चेपता चेपता डोक्याला थांबायला थोडे अंतर मिळवून देतो.

या अंतराचे महत्त्व साध्या भागाकाराने कळते. सव्वादोन मीटरवरून पडलेले डोके दगडावर अवघ्या 5 मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 450 पट मंदन येते. तेच डोके थर चेपल्यामुळे 20 मिलिमीटरमध्ये थांबले, तर हा आकडा सुमारे 112 वर उतरतो. प्रत्यक्षात थर एकसारखा चेपत नाही, त्यामुळे आकडे थोडे बदलतात, पण तत्त्व हेच. हेल्मेटच्या अनेक मानकांमध्ये चाचणीच्या वेळी आतल्या कृत्रिम डोक्यावर 300 पटींहून अधिक मंदन येता कामा नये, अशी अट असते.

हा विचार फार जुना नाही. अरबस्तानातील मोहिमेमुळे प्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स 1935 मध्ये मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या दुखापतींचा अभ्यास केला. हेल्मेटने जीव वाचतो हे दाखवणारा त्यांचा लेख 1941 मध्ये प्रसिद्ध झाला. चेपणाऱ्या थराची कल्पना अमेरिकेत 1950 च्या दशकात पेटंटच्या रूपाने रुजली. त्याआधीची मखमली टोपी डोके झाकत असे, पण आघात शोषत नसे. तशा शोभेच्या टोप्या आजही विकल्या जातात. वरून मखमल, आत नुसते कापड आणि पातळ स्पंज असलेली टोपी कितीही रुबाबदार दिसली तरी ती हेल्मेट नव्हे.

दुसऱ्या कामाचे हेल्मेट चालेल का

घरात स्कूटरचे हेल्मेट असते, मुलांचे सायकलचे असते आणि कारखान्यात काम केलेल्याच्या माळ्यावर पिवळी टोपीही सापडते.  यांपैकी कोणतेही घोड्यासाठी बनलेले नाही.

कारखान्यातील टोपी वरून पडणाऱ्या वस्तूपासून वाचवण्यासाठी असते. डोक्याच्या बाजूंना आणि मागच्या भागाला तिचे संरक्षण नाममात्र असते आणि पडताना ती डोक्यावरून निसटते. घोड्यावर तिचा उपयोग नाही. सायकलचे हेल्मेट हलके असते, पण मागच्या बाजूला उंच कापलेले असते. घोड्यावरून पडणारा माणूस बऱ्याचदा पाठीवर पडतो आणि नेमका तोच भाग उघडा राहतो. शिवाय घोड्याच्या टापेसारख्या कठीण कडेच्या वस्तूचा मारा सायकलच्या हेल्मेटच्या चाचणीत गृहीत धरलेला नसतो.

दुचाकीच्या हेल्मेटची गोष्ट वेगळी. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 4151 या मानकानुसार ते तपासले जाते आणि 1 जून 2021 पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकण्यास बंदी आहे. ते मजबूत असते यात शंका नाही. पण संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घोडेस्वारीच्या हेल्मेटच्या जवळपास दुप्पट वजनाचे असते. त्यात कान बंद होतात, बाजूचे दिसत नाही आणि घोड्याच्या प्रत्येक पावलाबरोबर त्याचे वजन मानेवर हिंदकळते. घोडेवाल्याची सूचना ऐकू न येणे हाही एक धोकाच. पर्याय उघड्या डोक्याचाच असेल, तर दुचाकीचे चेहरा उघडा ठेवणारे, आयएसआय चिन्ह असलेले हेल्मेट परवडले. नियमित घोडेस्वारी करणाऱ्याने मात्र घोड्यासाठीचेच घ्यावे.

शिक्का वाचण्याची पद्धत

दुकानात किंवा संकेतस्थळावर हेल्मेट पाहताना रंग आणि नाव यांच्याआधी आतली चिठ्ठी वाचावी. तिच्यावर मानकाचा क्रमांक असतो. भारतात मिळणारी घोडेस्वारीची चांगली हेल्मेटे बहुतांशी परदेशी मानकांनुसार तपासलेली असतात, म्हणून ती नावे ओळखीची असलेली बरी.

अमेरिकेचे मानक एएसटीएम एफ 1163 हे आहे. त्यात हेल्मेट सपाट ऐरणीवर सुमारे 1.8 मीटर उंचीवरून, तर टोकदार कडेच्या ऐरणीवर त्याहून कमी उंचीवरून आपटून पाहतात. हेल्मेट तापवून, गारठवून आणि भिजवूनही तपासले जाते. या मानकाबरोबर एसईआय हे चिन्ह असेल, तर स्वतंत्र संस्थेने चाचणी केली आहे असा त्याचा अर्थ. नुसते ‘मानकाप्रमाणे बनवलेले’ असे वाक्य छापलेले असेल, तर तो फक्त कारखानदाराचा दावा ठरतो.

युरोपचे मानक ईएन 1384. याची कथा ग्राहकाने लक्षात ठेवावी अशी आहे. जुने ईएन 1384 अपुरे आहे असे ठरून ते 2014 मध्ये मागे घेण्यात आले आणि त्याच्या जागी व्हीजी1 01.040 हे तात्पुरते मानक आले. ब्रिटनमधील अश्वक्रीडा संघटनांनी 2016 पासून केवळ जुन्या मानकाची हेल्मेटे स्पर्धांत स्वीकारणे थांबवले. सुधारलेले ईएन 1384 हे 2023 मध्ये आले. म्हणजे क्रमांक एकच असला तरी साल पाहावे लागते. ‘सीई’ ही दोनच अक्षरे छापलेली असतील आणि शेजारी मानकाचा क्रमांक नसेल, तर त्यावर विसंबू नये.

ब्रिटनचे पीएएस 015 आणि अमेरिकेतील स्नेल फाउंडेशनची ई2016 व ई2021 ही मानके कडक समजली जातात. काही हेल्मेटांवर दोन किंवा तीन मानकांची चिन्हे असतात. प्रत्येक मानकाची चाचणी थोडी वेगळी असल्याने अशी हेल्मेटे पसंत करावीत.

मानक हे उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच सांगते. उत्तीर्ण झालेल्यांत कोण अधिक चांगले हे कळावे म्हणून अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने डिसेंबर 2022 मध्ये घोडेस्वारीच्या हेल्मेटांना तारे देण्यास सुरुवात केली. अधिक तारे म्हणजे अधिक संरक्षण. किंमत जास्त म्हणजे संरक्षण जास्त असा सरळ संबंध त्यातून निघाला नाही. जास्तीचा पैसा बऱ्याचदा चामड्याच्या किनारीचा आणि नावाचा असतो.

वळणाचा आघात

डोके क्वचितच सरळ आपटते. पुढे जाणाऱ्या घोड्यावरून पडताना ते तिरके आपटून गरकन वळते. कवटी वळते, आतला मेंदू मागे राहतो आणि मेंदूतील नाजूक तंतू ताणले जातात. मेंदूच्या बऱ्याच दुखापतींच्या मुळाशी हे वळणे असते. त्यावर उपाय म्हणून स्वीडनमधील मेंदूचे शल्यविशारद हान्स फोन होल्स्ट आणि संशोधक पीटर हाल्डिन यांनी मिप्स ही रचना विकसित केली. यात डोक्याला लागून एक निसरडा पातळ थर असतो. आघाताच्या क्षणी हेल्मेट डोक्याभोवती 10 ते 15 मिलिमीटर सरकते आणि वळण्याचा काही जोर तिथेच जिरतो. ही रचना आज सायकलच्या हेल्मेटांमुळे अधिक माहीत असली, तरी 2007 मध्ये बाजारात आलेले पहिले मिप्स हेल्मेट घोडेस्वारीचे होते. ऐपत असेल तर ही सोय घ्यावी, पण ती मानकाच्या चिन्हाला पर्याय नाही.

माप: निम्मी सुरक्षितता

उत्तम शिक्क्याचे हेल्मेट सैल असेल, तर पडताना ते आधी सरकते आणि मग डोके आपटते. मापासाठी शिंप्याची टेप पुरेशी आहे. भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटर, कानांच्या वरून आणि डोक्यामागच्या सर्वांत फुगीर भागावरून ती फिरवावी. आलेला आकडा सेंटिमीटरमध्ये लिहून घ्यावा आणि त्या कंपनीचा तक्ता पाहावा. दोन कंपन्यांचे ‘मध्यम’ सारखे नसते. डोक्याचा आकारही पाहावा लागतो. कोणाचे डोके गोल असते, कोणाचे लांबट. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट कपाळाला रुतते आणि कानांजवळ सैल राहते.

हेल्मेट घातल्यावर ते कपाळावर आडवे बसावे. पुढची कड भुवयांपासून सुमारे दोन बोटांवर असावी. मागे कलंडलेले हेल्मेट कपाळ उघडे टाकते. पट्टा न लावता डोके खाली झुकवले तरी ते पडू नये आणि हाताने हलवले तर कपाळाची कातडी, भुवया त्याच्याबरोबर हलाव्यात. सगळीकडे सारखा दाब जाणवावा, पण एका जागी टोचू नये. दुकानात ते किमान दहा मिनिटे डोक्यावर ठेवावे. दुखणारी जागा तेवढ्या वेळात कळते.

लांब केसांचा प्रश्न वेगळा. हेल्मेटखाली अंबाडा ठेवला तर ते वर उचलले जाते. मानेजवळ सैलसर वेणी घालावी आणि माप घेताना, हेल्मेट घालून पाहताना व प्रत्यक्ष रपेटीत केसांची ठेवण एकच ठेवावी. पिना, क्लिप आणि लोंबती कर्णभूषणे काढून ठेवावीत.

मुलांच्या बाबतीत आपल्याकडची सवय नडते. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा हे ठीक, हेल्मेट मात्र आजच्या डोक्याचेच घ्यावे. मागे चक्री फिरवून आवळता येणारी हेल्मेटे मुलांसाठी सोयीची असतात, पण चक्रीने एखाद्या मापाची कसर भरते, तीन मापांची नव्हे.

पट्टा आणि टोपीची चोच

पट्टा कवचाला चार ठिकाणी जोडलेला असेल तर हेल्मेट पुढेमागे सरकत नाही. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचा जोड कानाच्या पाळीच्या थोडा खाली यावा. हनुवटीखाली पट्टा एवढा घट्ट असावा की तोंड मोठे उघडल्यावर हेल्मेट खाली ओढले जाते असे वाटावे. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच झटक्यात उडते.

पुढची चोच लवचिक किंवा आघाताबरोबर निखळणारी असावी. कडक चोच तोंडावर पडल्यास हेल्मेट मागे ढकलते किंवा नाक फोडते. कोकण आणि घाटमाथ्याच्या दमट हवेत हवेची भोके हवीतच. मानकात उत्तीर्ण झालेल्या हेल्मेटात ती चाचणीचा भाग झालेली असतात, त्यामुळे त्यांची भीती नको. घरी मात्र एकही जास्तीचे भोक पाडू नये.

भाड्याने मिळालेले हेल्मेट

पर्यटनस्थळी घोडेवाल्याकडून किंवा केंद्राकडून मिळालेले हेल्मेट डोक्यावर चढवण्याआधी हातात घेऊन पाहावे. कवचाला तडा आहे का, आतला थर कुठे दबलेला किंवा सुटलेला आहे का, पट्टा उसवलेला आहे का, बकल ओढल्यावर उघडते का, हे पाहायला एक मिनिट लागते. माप सैल असेल तर दुसरे मागावे. आत जाड टॉवेल कोंबून ते बसवू नये. स्वच्छतेसाठी पातळ सुती रुमाल पुरे. हेल्मेट नसेलच, तर घोडा संथ चालीनेच चालवण्यास सांगावे आणि लहान मुलाला बसवण्याचा आग्रह धरू नये.

निगा आणि आयुष्य

आतला थर एकदाच चेपण्यासाठी बनलेला असतो. एका जोरदार आघातानंतर वरून काहीच दिसत नसले, तरी आत तो दबलेला असू शकतो. दुसऱ्या वेळी तो तेवढे संरक्षण देत नाही. म्हणून पडताना डोके आपटले असेल तर हेल्मेट बदलावे आणि वापरलेले हेल्मेट विकत घेऊ नये. अपघात झाला नाही तरी घाम, ऊन आणि उष्णता यांनी साहित्य जुने होते. नियमित वापर असेल तर साधारण पाच वर्षांनी बदलावे, असे बहुतेक उत्पादक सांगतात. उत्पादनाची तारीख आतल्या चिठ्ठीवर पाहावी.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत ते ठेवू नये. रंग, थिनर किंवा तीव्र रसायनांनी ते पुसू नये. सौम्य साबणाचे ओले फडके आणि सावलीतली हवा पुरते. आतले अस्तर निघत असेल तर धुऊन वाळवावे.

खेळाडूंचा शिरस्ता

ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात उंच काळी टोपी हा दीर्घकाळ मानाचा पोशाख होता. मार्च 2010 मध्ये अमेरिकेची ऑलिंपिक स्वार कोर्टनी किंग-डाय घोड्याला शिकवताना पडली. त्या वेळी तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. ती काही आठवडे बेशुद्ध होती आणि त्यानंतर तिने स्वतः हेल्मेटचा प्रचार हाती घेतला. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शार्लट दुजार्दिन हिने हेल्मेट घालूनच सुवर्णपदक जिंकले. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 2021 पासून ड्रेसाजमध्येही हेल्मेट सक्तीचे केले. सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताला 41 वर्षांनी घोडेस्वारीचे सुवर्ण मिळवून देणाऱ्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. तो संघ याच नियमाखाली उतरला होता. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर सराव करणारे अनुभवी स्वार हेल्मेटशिवाय खोगिरावर बसत नाहीत, मग तासाभरासाठी घोडा घेणाऱ्या नवख्याने तरी का बसावे?

हेल्मेटची मर्यादा

हेल्मेट मान वाचवत नाही. 1995 मध्ये अमेरिकी अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह घोड्यावरून पडला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते. मेंदू बचावला, पण मानेच्या मणक्याला इजा होऊन तो गळ्याखाली लुळा झाला. म्हणून टाच असलेले बूट, रिकिबीत फक्त पायाचा चवडा, वय आणि अनुभवाला साजेसा शांत घोडा आणि संथ चाल ही पथ्ये हेल्मेट घातल्यावरही पाळावी लागतात. डोके आपटल्यावर उलटी, गुंगी, विसरभोळेपणा किंवा वाढती डोकेदुखी दिसली, तर हेल्मेट शाबूत असले तरी ताबडतोब डॉक्टर गाठावा. माथेरानसारख्या ठिकाणाहून मोठ्या रुग्णालयात पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे लक्षणे वाढण्याची वाट पाहत बसू नये.

निवडीचा क्रम ठरलेला आहे. आधी घोडेस्वारीच्या मानकाचा क्रमांक आणि त्याचे साल, मग डोक्याचे माप, मग चार ठिकाणी जोडलेला पट्टा, आणि रंग व किंमत सर्वांत शेवटी. वर्षातून एकदाच माथेरानला जाणाऱ्याने निदान भाड्याचे हेल्मेट तपासून घ्यावे आणि पट्टा लावूनच रिकिबीत पाय ठेवावा.